उंदरांचा बंदोबस्त, साताऱ्याच्या डोंगरपायथ्याशी: ज्येष्ठांच्या वसाहतीसाठी जाळी, पिंजरा, औषधाची पेटी आणि वार्षिक करार

निकाल आधीच सांगतो, म्हणजे पिशवी घेऊन हार्डवेअरच्या दुकानाकडे निघालेल्यांना लगेच उपयोग होईल. पहिला खर्च ६ मिलिमीटर छिद्राच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, जाळीवर करा. दुसरा दोन-तीन पिंजरे आणि अर्धा डझन चापांवर. तिसरा खर्च गरज उरली तरच, आणि तो कुलूपबंद पेट्यांतून औषध ठेवणाऱ्या परवानाधारक कंपनीच्या करारावर. गोंदपट्टी, प्लगमध्ये खोचायचं आवाजाचं यंत्र, साप पळवणारी पावडर आणि सुट्टं औषध, या चारांवर एक रुपयाही घालू नका.

साताऱ्याला पेन्शनरांचं शहर म्हणतात. यवतेश्वराच्या उताराकडे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, शहराबाहेर शेतांना लागून जी घरं झाली, त्यांत पुण्या-मुंबईची नोकरी संपवून परतलेली माणसं पुष्कळ. हवा चांगली, गर्दी कमी, कुंपणापलीकडे डोंगर. हा डोंगर वर्षातून तीनदा खाली उतरतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की घुशी कोरडी जागा शोधत येतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर उघडे पडतात आणि जवळच्या घरांकडे सरकतात. फाल्गुन-चैत्रात वाळक्या गवताला वणवा लागला की उरलेसुरलेही येतात, आणि त्यांच्या मागोमाग धामण, नाग, मुंगूस, उदमांजर.

तरुण कुटुंबाला चालणारा सल्ला अशा वसाहतीत जसाच्या तसा चालत नाही. वाकायला होणारा त्रास, रात्री चष्म्याशिवाय बाथरूमला उठणं, विसरभोळेपणा, मे महिन्यात येणारी नातवंडं, आणि बऱ्याच घरांत रक्त पातळ ठेवायची गोळी. या पाच गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक वस्तू पारखली आहे. सहावी कसोटी कुंपणापलीकडची: या वस्तूनं उंदीर खाणारं घुबड आणि धामण मरतात का?

आलंय कोण, ते आधी बघा

चार वेगळे प्राणी उंदीर या एकाच नावाखाली खपतात आणि चुकीची वस्तू आणली जाते ती इथंच.

कपाटात, गव्हाच्या डब्यामागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार, ३ ते ६ मिलिमीटरच्या लेंड्या दिसल्या तर तो घरातला लहान उंदीर. माळ्यावर, पडद्याच्या दांडीवर, टाकीच्या पाइपाशेजारी सव्वा सेंटिमीटरच्या, जराशा वाकलेल्या लेंड्या असतील तर तो लांब शेपटीचा काळा उंदीर. हा केबलवरून, पन्हळीच्या पाइपावरून, आंब्याच्या फांदीवरून येतो. बागेत, चेंबरशेजारी, पेव्हर ब्लॉकखाली ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग आणि मुठीएवढं भोक, तेही अनेकदा आतून मातीनं बुजवलेलं, ही घुशीची खूण. घूस क्वचितच वर चढते. तिच्यासाठी माळ्यावर पिंजरा ठेवण्यात अर्थ नाही.

चौथी चिचुंद्री. लांब नाक, बारीक डोळे, भिंतीला धरून चिकचिक करत पळते, उग्र वास सोडते. ती उंदीर नव्हेच. झुरळं आणि किडे हेच तिचं खाणं. पिंजऱ्यात आली तर बागेत सोडून द्या. आणि लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला तर ती पालीची, तिच्यासाठी काहीच आणायला नको.

खात्री करायची सोपी रीत आहे. रात्री झोपण्याआधी भिंतीलगत वीतभर रुंद आणि हातभर लांब पट्ट्यात रांगोळी बारीक चाळणीनं भुरभुरवा. जाण्यायेण्याच्या वाटेवर मात्र नको, फरशीवर पाय घसरतो. सकाळी बॅटरी आडवी धरून बघा: पुढच्या पावलाची चार बोटं, मागच्याची पाच, मधून शेपटीची बारीक रेघ. नुसती वळवळती रेघ आणि पावलंच नाहीत, असं दिसलं तर खोलीत सामान हलवू नका, सर्पमित्राला बोलवा. बागेतल्या बिळांसाठी वेगळी रीत: संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवायची आणि सकाळी उघडलेली मोजायची. वीस बिळांपैकी चार-पाचच जिवंत निघणं नेहमीचं आहे. औषधवाला वीस बिळांचे पैसे लावत असेल तर आधी हे मोजून घ्या.

छतावर रात्री माणूस चालल्यासारखा जड आवाज येत असेल आणि कोपऱ्यात फळांच्या बिया असलेल्या विष्ठेचा ढीग साचला असेल, तर ते उदमांजर. तिथं ना पिंजरा ना औषध. तो वन्यप्राणी आहे, वन विभागाला कळवायचं.

जाळी: सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात टिकाऊ खरेदी

लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला १२. शिसपेन्सिल जिथून आत जाते ती फट उघडी समजायची. म्हणून जाळी मागताना 'उंदराची जाळी द्या' असं म्हणू नका, दुकानदार अर्ध्या इंचाची कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी काढून देतो. ६ मिलिमीटरची, वेल्ड केलेली, जस्ताचा मुलामा दिलेली, बोटानं दाबल्यावर न वाकणारी जाळी मागा. खिडकीची नायलॉनची मच्छरजाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. पश्चिमेकडून पावसाचा मारा असलेल्या खिडक्यांना स्टेनलेस जाळी महाग पडली तरी तीच घ्या, जीआयच्या कापलेल्या कडा तिथं लवकर गंजतात.

जाळी भोकापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठी कापायची. दर १० सेंटिमीटरला रॉल प्लग, स्क्रू आणि वॉशर. नुसत्या स्टेपलवर किंवा सिलिकॉनवर बसवलेली जाळी पहिल्या महिन्यात कोपऱ्यातून उचकटते, आणि उंदराला तेवढा कोपरा पुरतो. डक्टची झडप, गीझरच्या धुराड्याचं भोक, एक्झॉस्ट फॅन, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, केबल आत येते ती जागा, या ठिकाणी जाळी लागतेच. पन्हळीच्या खालच्या तोंडाला मात्र जाळी घट्ट बसवू नका. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळा अडकून गच्चीवर तळं साचतं. तिथं बिजागरीची झडप हवी, पाण्याच्या जोरानं उघडणारी आणि एरवी बंद राहणारी.

स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथली मोकळी जागा हे बहुतेक फ्लॅटमधलं मुख्य प्रवेशद्वार असतं. ओट्याखालचं दार उघडून बॅटरी मारली की पाइपाभोवती तेलकट काळा डाग दिसतो. उंदराचं अंग रोज त्याच कडेला घासून तो पडलेला असतो. प्लंबर अशा जागी फोम मारून देतात आणि फोम उंदराला भाकरीपेक्षा सोपा. आधी भांडी घासायचा स्टेनलेसचा काथ्या गच्च कोंबा, साधा लोखंडी काथ्या इथल्या दमट हवेत वर्षभरात भुगा होतो. त्यावर एकास तीन सिमेंट-वाळूचा लेप. बाहेरच्या बाजूला, जमिनीलगत घुशीच्या भोकासाठी त्याच मालात फुटक्या काचांचे तुकडे मिसळतात. ही जुन्या गवंड्यांची रीत आजही उत्तम आहे. जाड हातमोजे घालायचे, आणि माल ओला असेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, वर पत्रा किंवा फरशी दाबून ठेवायची. ओला लेप उंदीर त्याच रात्री उकरून टाकतो आणि मग गवंड्याच्या नावानं बोल लावला जातो.

दाराखालची फट बुजवताना ज्येष्ठांच्या घरात उंबरठा उंच करू नका. पडून खुब्याचं हाड मोडलं तर उंदीर परवडला म्हणायची वेळ येईल. उंबरठा आहे तसा ठेवून दाराच्या खालच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी बसवा, फट ६ मिलिमीटरच्या आत आणा आणि लाकडी दार असेल तर खालच्या भागाला बाहेरून ३० सेंटिमीटर उंच पत्रा ठोका. नुसती रबराची पट्टी उंदीर कुरतडतो.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक वसाहतीत सुटते: बंद फ्लॅट. मुलं परदेशात, आई-बाबा सहा महिने त्यांच्याकडे, घराला कुलूप. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीखाली साठून ड्रेनेजचा रस्ता अडवणारं, पाणी उन्हाळ्यात आटतं आणि ड्रेनेजचा रस्ता थेट घरात उघडतो. कमोडचंही तेच. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी दर आठवड्याला प्रत्येक मोरीत आणि कमोडमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं. महिनाभर कुणी जाणारच नसेल तर पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडा, तवंगामुळे पाणी सावकाश आटतं. वर वळवून बंद होणारी स्टीलची जाळी बसवा आणि कमोडचं झाकण पाडून त्यावर वजन ठेवा.

झाडांच्या फांद्या छतापासून दीड मीटर दूर छाटा. काळा उंदीर सव्वा मीटरची उडी आरामात मारतो. छाटणीचं काम पावसाआधी, मे महिन्यात करून घ्यावं. लोक दिवाळीत करतात, तोवर ऊसतोडीची पहिली फौज येऊन पोचलेली असते.

आणि क्रम महत्त्वाचा. बाहेरून सगळं लिंपायचं आणि त्याच संध्याकाळी आत पिंजरे-चाप मांडायचे. आत उंदीर कोंडून वर औषध टाकलं तर मेलेला उंदीर भिंतीत कुजतो आणि एक-दोन आठवडे घरात बसवत नाही. सलग चार रात्री रांगोळी कोरी राहिली की काम झालं.

पिंजरे आणि चाप

बाजारात मिळणारा साधा तारेचा पिंजरा वाईट नाही, पण दुकानातच तपासून घ्या. दार उचलून आकडा लावा आणि आमिषाच्या हुकाला करंगळीनं हलकं टोचा. दार खटकन आणि पूर्ण बंद झालं पाहिजे. निम्म्या पिंजऱ्यांत स्प्रिंग ढिली असते किंवा दार अर्ध्यावर अडकतं. तारांमधलं अंतर मोठं असेल तर लहान उंदीर आत येऊन खाऊन निघून जातो, आणि घरचे म्हणतात उंदीर हुशार झालाय. वर धरायला कडी हवी आणि ती दारापासून लांब हवी, हात चाव्याच्या टप्प्यात येता कामा नये.

एकदम बरेच उंदीर धरणारा, आत जायला नरसाळ्यासारखी वाट असलेला मोठा पिंजरा हा गोदामासाठी आणि सोसायटीच्या पंपघरासाठी. घरात तो घेऊ नका. भरल्यावर उचलायला जड, आणि आतली मारामारी बघवत नाही.

नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. काळा उंदीर तर पाच-सहा दिवस लांबूनच बघतो. म्हणून पिंजऱ्याचं दार सुतळीनं उघडं बांधून आत तीन-चार दिवस नुसतं खायला ठेवा. आमिष नाहीसं व्हायला लागलं की सुतळी सोडा. काळ्या उंदराला भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, घुशीला शेंगदाण्याचा लाडू किंवा भजं, लहान उंदराला चिमूटभर शेंगदाण्याचं कूट तुपात मळून. आमिष हुकाला दोऱ्यानं बांधायचं, नाहीतर ते अलगद उचललं जातं. पिंजरा भिंतीला लागून, भिंतीला समांतर ठेवायचा, म्हणजे तोंड उंदराच्या वाटेवर येतं. उंदीर खोलीच्या मधून चालत नाही. एका खोलीत एक पिंजरा आठ दिवस ठेवण्यापेक्षा तीन पिंजरे तीन दिवस जास्त धरतात. पिंजरा फिनेलनं धुऊ नका, कढत पाणी पुरे.

सकाळ-संध्याकाळ पिंजरा बघायचाच. खार अडकली तर लगेच सोडा. पिंजऱ्यातल्या उंदरामागे साप आत शिरून बसतो, असंही होतं. तेव्हा पिंजरा उचलायचा नाही, खोलीचं दार लावायचं आणि मदत बोलवायची.

धरलेल्या उंदराचं काय, हा प्रश्न सगळ्यांना अडचणीचा. गणपतीचं वाहन, मारायला हात धजत नाही, ही भावना आम्हाला समजते. पण ओढ्यापलीकडे सोडलेला उंदीर एक तर परत येतो, नाहीतर दुसऱ्याच्या कणगीत शिरतो, नाहीतर अनोळखी जागी उपाशी मरतो. पिंजरा बादलीत बुडवणं ही तर सरळ क्रूर गोष्ट. ज्यांना मारायचंच नाही त्यांनी आपला सगळा खर्च जाळीवर करावा, हाच खरा अहिंसक मार्ग आहे.

ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी चाप सगळ्यात बरा, कारण तो एका क्षणात संपवतो. लाकडी पाटाचा जुना चाप स्वस्त आणि जोरदार, पण संधिवाताच्या बोटांना तो लावणं धोक्याचं. प्लास्टिकचा, पाठीमागून दाबला की उघडणारा चाप घ्या. तो एका हातानं लागतो आणि मेलेला उंदीर न शिवता टाकता येतो. लहान उंदराचा चाप मोठ्या उंदराला नुसता जखमी करतो, म्हणून आकार बघून घ्यावा. चाप उघड्यावर ठेवायचा नाही. चार इंची पीव्हीसी पाइपाचा दीड फूट तुकडा भिंतीलगत ठेवून त्याच्या आत सरकवला की मांजर, चिमण्या, नातवंडं आणि अनवाणी पाय, सगळेच सुरक्षित राहतात.

औषध: काय घ्यायचं नाही ते आधी

ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. ती टूथपेस्टसारखी दिसते, चुकून ब्रशवर घेतल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत, यकृत निकामी होतं आणि तिला उतारा नाही. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू करते. एकदा अर्धवट खाऊन आजारी पडलेला उंदीर ते आमिष पुन्हा शिवत नाही, त्यामुळे आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष दिल्याशिवाय ती वाया जाते. ती शेतासाठी, घरासाठी नाही. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घुशीच्या बिळात टाकतो असं कुणी म्हणालं तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. ओल लागली की तोच वायू सुटतो, तो भेगांतून झोपायच्या खोलीत येतो, आणि त्यालाही उतारा नाही. या गोळ्या सामान्य माणसाला विकायला परवानगीच नाही.

उरतं ब्रोमाडायोलोन, ०.००५ टक्क्याचा तयार मेणाचा ठोकळा. पाव किलोच्या उंदराला यातले पाच-सहा ग्रॅम पुरतात आणि तो साधारण चार ते दहा दिवसांत मरतो. औषध खाऊन उंदीर पाणी प्यायला घराबाहेर जाऊन मरतो, असं दुकानदार सांगतात. ते खरं नाही. तो जिथं राहतो तिथंच, म्हणजे बहुधा तुमच्या माळ्यावर, मरतो. म्हणून हे औषध घराच्या आत कधीच नको, फक्त बाहेर.

हे औषध रक्त गोठणं थांबवतं. वॉरफरिन याच घराण्यातलं: १९४८ साली ते उंदराचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून दिलं जाऊ लागलं. तेव्हा ज्यांच्या डबीत रक्त पातळ ठेवायची गोळी आहे त्यांनी हे ठोकळे हातात धरूच नयेत. हिरव्या-निळ्या रंगाचा ठोकळा नातवंडाला वडीसारखा वाटतो, स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनाही. कुणी खाल्लंच तर वेष्टन बरोबर घेऊन तडक रुग्णालयात जायचं. याला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात, म्हणून 'काही होत नाहीये' असं म्हणत घरी थांबू नका.

आता कुंपणापलीकडचा हिशेब. विष खाल्लेला उंदीर मरेपर्यंत काही दिवस मंदावतो, उजेडात फिरतो, आणि घुबडाच्या, मांजराच्या, धामणीच्या तोंडी सहज लागतो. विष त्यांच्या अंगात साचतं. उंदरांची वीण तीन आठवड्यांची, एका वेळी सहा-आठ पिल्लं. घुबडाचं एक जोडपं गमावलं तर ती जागा वर्षानुवर्षं भरत नाही. डोंगराला लागलेल्या कुंपणाच्या बाजूला औषध अजिबात नको, असं आमचं ठाम मत आहे. औषध ठेवायचंच तर कचऱ्याच्या खोलीपाशी, ड्रेनेज चेंबरजवळ आणि पार्किंगच्या भिंतीला, तेही ठरावीक आठवडे.

कुलूपबंद पेटी म्हणजे किल्लीनं उघडणारा जाड प्लास्टिकचा डबा, दोन बाजूंना उंदराच्या अंगाएवढी भोकं, आत सळई. ठोकळा सळईत ओवायचा, म्हणजे उंदीर तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन टाकू शकत नाही. पेटी भिंतीला स्क्रूनं बसवायची, दोन पेट्यांत ८ ते १० मीटर अंतर, प्रत्येकीवर नंबर. सुट्टे गव्हाचे विषारी दाणे पावसाळ्यात बुरशी धरतात आणि कबुतरं-चिमण्या खातात, ते नकोच.

वार्षिक करार: कुठं फसगत होते

साताऱ्यात मिळणाऱ्या करारांची कागदपत्रं साधारण एका साच्यातली असतात: तीन महिन्यांतून एक फेरी, प्रत्येक फ्लॅटला दोन गोंदपट्ट्या, बिळांत 'औषध', आणि खाली सही. असा करार आम्ही पाचपैकी एक गुणाच्या वर नेत नाही. तीन महिन्यांत उंदराच्या नव्या पिढ्या तयार होतात, आणि 'औषध' या शब्दाखाली काय आहे ते कुणालाच माहीत नसतं.

सही करण्याआधी एवढं लिहून घ्या. कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना, त्याची प्रत. बिलावर औषधाचं नाव आणि टक्केवारी. अॅल्युमिनियम फॉस्फाइड वापरणार नाही, हे एक स्वतंत्र वाक्य. पेट्यांचा नकाशा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फेरी, पुढे पंधरा दिवसांनी, आणि प्रत्येक पेटीतलं किती खाल्लं गेलं याची नोंद: काहीच नाही, पाव, अर्धा, सगळा. ही नोंद म्हणजे कराराचा जीव. सलग तीन फेऱ्या 'काहीच नाही' आलं की ठोकळे काढून पेट्या रिकाम्या ठेवायच्या. मेलेले उंदीर उचलण्याची जबाबदारी कुणाची, तेही लिहा, नाहीतर सकाळी फिरायला निघालेले काका वाकून कागदानं उचलतात.

चांगली कंपनी ओळखायची खूण: पहिल्या भेटीत तिचा माणूस औषधाची पिशवी उघडण्याआधी गुडघ्यावर बसून सिंकखाली बॅटरी मारतो आणि फटींची यादी करून देतो. असं काम करणाऱ्याला जास्त पैसे द्यावेत. त्याला आम्ही चार गुण देऊ, पाचवा गुण गवंड्याचा.

वाया जाणारे पैसे

आवाजाच्या यंत्राचा आवाज भिंत ओलांडत नाही, सोफ्यात आणि पडद्यात मुरतो, आणि उंदीर काही दिवसांत त्याला सरावतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ सालीच अशा साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना खोट्या दाव्यांबद्दल ताकीद दिली होती. इथं ती यंत्रं अजून विकली जातात.

गोंदपट्टीवर उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो. पाली, चिचुंद्र्या, सापाची पिल्लं, कधी दयाळ पक्षी चिकटतो. रात्री उठलेल्या माणसाची चप्पल तिच्यावर पडली तर तो तोंडावर आपटतो. प्राणी चिकटलेला सापडला तर ओढू नका. चिकटलेल्या जागी थोडं थोडं गोडेतेल सोडत राहा, गोंद सैल होतो.

सापाची पावडर, फिनेल, कार्बोलिक, लसूण, रॉकेल: कशानंही साप थांबत नाही. साप येतो उंदरासाठी आणि आडोशासाठी. विटांचा ढीग आणि लाकडांचा सरपणसाठा भिंतीपासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. धामण दिवसा दिसते, मोठी असते, पूर्ण बिनविषारी, आणि उंदरांवर तिच्याइतकं मन लावून काम करणारं कुणी नाही. नाग, घोणस, मण्यार मात्र विषारी. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. मण्यार रात्री फिरते आणि तिच्या दंशाला फारशी वेदनाही होत नाही, म्हणून जमिनीवर झोपणं टाळा. कुठलाही साप मारायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा ठरतो. वन विभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे दोन नंबर ठळक अक्षरांत लिफ्टमध्ये लावा. दंश झाला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, माणसाला चालू न देता तडक सरकारी जिल्हा रुग्णालय.

साफसफाईबद्दल थोडक्यात. वाळलेल्या लेंड्या झाडूनं झाडू नका, धुळीबरोबर नाकात जातात. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर विरघळवून त्या भिजवा, दहा मिनिटांनी हातमोजे घालून कागदानं पुसा. पावसाळ्यात उंदराच्या मुतानं लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर डॉक्टरांना 'घरात उंदीर आहेत' हे आवर्जून सांगा.

शेवटची खरेदी दुकानात मिळत नाही, सुताराकडून करून घ्यावी लागते: गव्हाणी घुबडाची पेटी. तळ ४० बाय ६० सेंटिमीटर, एका बाजूला वरच्या अंगाला १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक, भोकापासून तळापर्यंत ४५ सेंटिमीटर खोली, म्हणजे पिल्लं बाहेर पडत नाहीत. तळाला पाणी झिरपायला चार बारीक छिद्रं. जमिनीपासून चार-पाच मीटर उंच, पावसाच्या माऱ्याच्या उलट, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, डोंगराकडच्या बाजूला लावायची. घुबड अशुभ, असं म्हणणारं कुणीतरी सभेत उठतंच. त्यांना पेटीखाली पडलेली एखादी काळपट गोळी दाखवा. घुबड न पचलेली हाडं आणि केस अशा गोळ्या करून ओकतं. गोळी कोमट पाण्यात भिजवून काडीनं उकलली की उंदरांच्या कवट्या पिवळ्या दातांसकट बाहेर येतात, आणि त्या गोळीत किती उंदीर गेले ते मोजता येतं.